पांडवलेणी आणि अंजनेरीची देवळं: घाई न करता अर्धा दिवस

पांडवलेणी न पाहिलेला नाशिककर विरळाच. शाळेची सहल असो, घरी आलेले पाहुणे असोत की रविवार सकाळचा व्यायाम, पाथर्डी फाट्याजवळच्या त्या पायऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी चढलेल्या असतात. तरी ही बौद्ध लेणी नीट पाहिलेली माणसं थोडीच भेटतात. वर पोचायचं, उजवीकडे एक चक्कर, डावीकडे एक चक्कर, मोठ्या बुद्धमूर्तीपाशी फोटो, आणि चाळीस मिनिटांत खाली, असाच बहुतेकांचा क्रम असतो. इथल्या भिंतींवर कुणी किती पैसे ठेवले, त्यावर किती व्याज ठरलं, कुणाची जमीन कुणाकडे गेली, हे सगळं कोरलेलं आहे. ते न वाचता उतरणं म्हणजे जेवणाच्या पंगतीतून नुसतं पाणी पिऊन उठणं. म्हणून ही शिफारस: लेण्यांना अडीच-तीन तास द्या, मग त्र्यंबक रोडने अंजनेरीला जाऊन पायथ्याची पडकी देवळं पाहा. सकाळी आठला सुरुवात केली तर दुपारी दोनपर्यंत दोन्ही आरामात होतं.

आमचं मत थोडक्यात असं. चढ अगदी सोपा, जागा पहिल्या प्रतीची, पण लेखांचा अर्थ जागेवर उभं राहून उलगडत नाही. तेवढी तयारी घरून करून यावी लागते, आणि पुढचा मजकूर त्यासाठीच आहे.

आधी पोचण्याचं. लेणी शहरापासून साधारण आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागूनच आहेत. पाथर्डी फाटा ही जवळची खूण. सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानक) शहर बस किंवा रिक्षा मिळते. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्धविहार आहे, गाडी तिथे लावायची. स्वच्छतागृह, पाण्याची बाटली, चहा, जे काही उरकायचं ते खालीच उरका. वर त्याचा भरवसा धरू नका. माणशी एक लिटर पाणी पुरतं, एप्रिल-मेमध्ये दीड लिटर घ्या. लेण्यांच्या मधेमधे खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. एकेकाळी भिक्षूंची तहान त्यांच्यावर भागत होती, आज ते पाणी पिण्याजोगं नाही.

तिकीट भारतीयांसाठी पंचवीस रुपयांच्या आसपास आहे, लहान मुलांना लागत नाही. वेळ साधारण सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. पायऱ्या दोनशेच्या घरात आहेत. सवयीचा माणूस पंधरा मिनिटांत चढतो, गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना घेऊन आलात तर अर्धा तास धरा आणि त्यांना मधल्या वळणांवर बसू द्या. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, म्हणून काठी असेल तर ती उतरण्यासाठी राखून ठेवा.

पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो, कड्यावरून पाण्याच्या धारा लागतात आणि गर्दीही त्याच दिवसांत सर्वात जास्त असते. बसाल्टच्या झिजलेल्या दगडावर शेवाळ चढलं की साध्या चपलेचा टिकाव लागत नाही. घसरणारे बहुतेक उतरताना घसरतात, कारण टाच आधी टेकते. खोल नक्षीच्या तळव्याचे बूट घाला, पाऊल आडवं टाका, आणि लेण्यांसमोरच्या ओट्यावर कडेला जाऊन सेल्फी काढू नका. अभ्यासासाठी यायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. तेव्हा हवा कोरडी असते आणि दगडावर ओल नसल्यामुळे अक्षरं जास्त स्पष्ट दिसतात. रविवार आणि बुद्धपौर्णिमा टाळा. अर्थात बुद्धपौर्णिमेला श्रद्धेने यायचं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा लेख वाचण्याची अपेक्षा ठेवू नका.

आणखी एक सावधगिरी. अशा कड्यांवर आग्या मोहोळं लटकलेली असतात. उग्र अत्तर, धूर, फटाके, दगड मारणं, मोठ्याने ओरडणं हे सगळं टाळा. माश्या उठल्याच तर हातवारे करत पळू नका. तोंड आणि मान कपड्याने झाका आणि मुकाट्याने पायऱ्यांच्या दिशेने दूर जा.

आता लेण्यांकडे. एकूण चोवीस लेणी आहेत आणि त्यांचे क्रमांक पश्चिमेकडून सुरू होतात. लेण्यांकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या टोकाला एक, आणि डावीकडे जावं तसे आकडे वाढत जातात. हे क्रमांक जागेप्रमाणे दिलेले आहेत, काळाप्रमाणे नाहीत. इथेच पाहणाऱ्याचा गोंधळ होतो. एक ते चोवीस असं ओळीने पाहत गेलात तर दुसऱ्याच लेण्यात सहाव्या शतकाच्या सुमाराच्या महायान मूर्ती भेटतात, तिसऱ्यात दुसऱ्या शतकातले सातवाहन, आणि सर्वात जुनं लेणं येतं एकोणिसावं. गोष्ट मधूनच सुरू होऊन मागेपुढे उड्या मारते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी १९ आणि १८, मग उजवीकडे वळून १०, तिथून ३, आणि परतताना १७, २० आणि २३. अंतरं थोडी आहेत, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

लेण्यांची तोंडं उत्तरेकडे आहेत. नैऋत्येचा पाऊस आणि दुपारचं ऊन दोन्ही पाठीमागून जातात, आणि म्हणूनच दोन हजार वर्षांनंतरही कोरीव काम इतकं शाबूत आहे. भिक्षूंनी आणि पाथरवटांनी डोंगराची ही बाजू समजून-उमजून निवडली. याची दुसरी बाजू अशी की आतला उजेड सदा मंद, पसरलेला असतो. सपाट उजेडात कोरलेलं अक्षर दिसत नाही. त्याला सावली लागते. फोनचा फ्लॅश समोरून मारला की भिंत पांढरी होते आणि लेख नाहीसा होतो. उपाय सोपा आहे. एक लहान टॉर्च सोबत ठेवा आणि ती भिंतीच्या अगदी जवळून, जवळजवळ समांतर, एका बाजूने धरा. अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ओळ उठून दिसते. दोघं असाल तर एकाने टॉर्च धरावी, दुसऱ्याने फ्लॅश बंद ठेवून फोटो काढावा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, पाणी काहीही लावू नका, बोटही फिरवू नका. हाताचा घाम आणि तेल दगडात मुरतं. काही भिंतींवर लोकांनी स्वतःची नावं कोरून ठेवली आहेत. ते पाहून जीव तुटतो, कारण एकदा गेलेलं अक्षर परत येत नाही.

एकोणिसावं लेणं आकाराने अगदी लहान. जेमतेम चौदा फुटांची चौरस खोली, आठेक फूट उंची, तिन्ही बाजूंना दोन-दोन अशा सहा कोठड्या, आणि दगडातच कोरलेल्या जाळीच्या खिडक्या. शेजारच्या चैत्यगृहापेक्षा, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहापेक्षा, खालच्या पातळीवर असल्यामुळे निम्मे लोक ते ओलांडून पुढे जातात. थांबा. उजव्या खिडकीच्या वर एक छोटासा लेख आहे: सातवाहन कुळातला कण्ह राजा असताना नासिकच्या श्रमण-महामात्राने हे लेणं करवलं. एवढाच मजकूर. पण तो इसवी सनापूर्वीचा आहे, सातवाहनांच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी आहे, आणि त्यात आपल्या गावाचं नाव आहे. महामात्र हे अधिकारपद अशोकाच्या कारभारातून आलेलं. म्हणजे भिक्षूंच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी तेव्हा इथे होता. हे लेख ज्या ब्राह्मी लिपीत आहेत तिचं एकही अक्षर येत नसलं तरी इथे सुरुवात करता येते. अधिकचं चिन्ह दिसलं की तो 'क'. उलटा टी दिसला की तो 'न'. सरळ उभी रेघ म्हणजे 'र'. या जुन्या लेखात अक्षरं साधी, बिनअलंकाराची आहेत. पुढे दहाव्या आणि तिसऱ्या लेण्यात त्याच 'क'ची आणि 'र'ची खालची टोकं वळलेली दिसतील. मुलांना सोबत नेत असाल तर 'क' शोधण्याचा खेळ लावून द्या, ती दमत नाहीत.

अठरावं लेणं हे इथलं एकमेव चैत्यगृह, बाकी सगळे विहार म्हणजे राहण्याच्या जागा. दर्शनी भागावर लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल आहे: कमान, तुळयांची टोकं, कठड्याची नक्षी. दारावरची कमान धंभिक गावच्या लोकांनी दिली असा लेख आहे, आणि चैत्यगृह पूर्ण करवणाऱ्या भट्टपालिका या बाईचं नावही इथल्या लेखांत येतं. राजा-महाराजांच्या दानांआधी हे गाव आणि ही बाई आपल्याला भेटते हे लक्षात घ्या. आत गेल्यावर स्तूपापर्यंत दोन्ही बाजूंना पाच-पाच अष्टकोनी खांब आहेत. आत कुणी ध्यानाला बसलेलं असेल तर बाहेर थांबून दर्शनी भाग आधी पाहून घ्या, तोच जास्त वेळ मागतो.

दहावं लेणं हा या सगळ्या फेरीचा गाभा. याला नहपान विहार म्हणतात. व्हरांड्याच्या खांबांवर घंटेच्या आकाराची शीर्षं आहेत आणि त्यांवर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी. आत साधारण त्रेचाळीस फूट रुंद दालन, मधे एकही खांब नाही, आणि भोवती सोळा कोठड्या. एवढं छत मधल्या आधाराशिवाय उभं आहे, कारण बसाल्टचा हा थर सलग आणि बारीक कणांचा आहे. मागच्या भिंतीवर मुळात स्तूप कोरलेला होता. नंतरच्या काळात कुणीतरी त्यातून भैरवाची मूर्ती काढली. टॉर्च तिरकी धरून पाहिलंत तर जुन्या आकाराच्या खुणा लक्षात येतात.

पण खरी गंमत व्हरांड्यात आहे. मान वर करा. छताच्या लगेच खाली, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लेख चालतो. क्षहरात वंशाचा शक क्षत्रप, म्हणजे प्रांताधिपती, नहपान याचा जावई, दीनिकाचा मुलगा उषवदात याची दानं त्यात नोंदवली आहेत. भडोच, मंदसोर, गोवर्धन आणि सोपारा इथे बांधलेल्या धर्मशाळा, तापी, दमणगंगा, डहाणूसारख्या नद्यांवर फुकट नावा, नारळाची हजारो झाडं. यातलं गोवर्धन म्हणजे आजचं गंगापूर रोडवरचं गोवर्धन. तेव्हा तो आहार, म्हणजे जिल्हा होता आणि तिथे विणकरांच्या श्रेणी, म्हणजे व्यावसायिक संघ होते.

आणि आता तो हिशोब. उषवदाताने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायम ठेव ठेवली. लेखातला शब्द 'अखयनिवि', अक्षय निधी. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातले दोन हजार गोवर्धनच्या एका विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने. उरलेले हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस कार्षापणं झाली. लेख सांगतो की लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी बारा द्यायचे. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. पै न पै जुळते. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला नव्वद येतात, ते 'कुशणमूल' नावाच्या वेगळ्या खर्चाला. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला, असंही पुढे लिहिलंय. दोन वेगळ्या श्रेणींना दोन वेगळे दर का, यावर उभ्या उभ्या गप्पा रंगतात, आणि रंगाव्यातच. याच लेण्यात पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, असा नाण्यांचा भावही सापडतो. सत्तर हजार कार्षापणं म्हणजे दोन हजार सुवर्ण, असा हिशोब खुद्द लेखातच मांडलेला आहे. कोठड्यांच्या दारांवरचे छोटे लेख चुकवू नका. त्यांत उषवदाताची बायको, नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिने दिलेल्या कोठडीची नोंद आहे.

इथे अर्धा तास घालवा. मान दुखते, म्हणून अधूनमधून ओट्यावर बसा आणि समोर पसरलेलं शहर पाहा. शेजारच्या अकराव्या लेण्यात डोकावून या, तिथे ऋषभनाथ आणि अंबिकेच्या मूर्ती आहेत. बौद्ध भिक्षू गेल्यानंतर जैन साधूंनी ही जागा वापरल्याची ती खूण.

दहा ते तीनच्या मधली लेणी भरभर पाहिली तरी चालतील. फक्त आठव्यापाशी क्षणभर थांबा. ते मुगुदास नावाच्या एका कोळ्याने सहकुटुंब दान दिलेलं आहे. राजाच्या जावयाच्या लेण्यापासून कोळ्याचं लेणं दोन पावलांवर आहे.

तिसरं लेणं समोरून पाहिलं की ओळखीचं वाटतं, कारण ते दहाव्याला जोड म्हणून, जवळजवळ त्याच मापाचं, मुद्दाम उभारलेलं आहे. ओट्याखाली सहा यक्ष खांद्यावर तुळया पेलून आहेत, जणू सगळा विहार तेच उचलून नेतायत. दाराभोवती सांचीच्या तोरणाची आठवण करून देणारी दाट नक्षी आहे. आत अठरा कोठड्या, तीन बाजूंना दगडी बाक, मागच्या भिंतीवर शाबूत स्तूप. खांबांची शीर्षं मात्र दहाव्या लेण्याइतकी डौलदार नाहीत, घंटा आखूड झाली आहे. दोन्ही लेण्यांच्या खांबांचे फोटो एकाच अंतरावरून काढून शेजारी ठेवा, फरक लगेच कळतो.

आता लेख. दारावरच्या बाजूला, सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षातला, गौतमी बलश्रीचा मोठा लेख. आई आपल्या गेलेल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन करते: ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, ज्याने शक, यवन, पल्हवांचा पाडाव केला, ज्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला, सातवाहन कुळाचं यश परत उभं केलं. शाळेच्या पुस्तकातून आपण हे वाचलेलं असतं. ते मूळ दगडावर, आईच्या शब्दांत आहे हे तिथे उभं राहिल्यावर जाणवतं.

तरी आम्ही सांगू की त्यापेक्षा जास्त लक्ष व्हरांड्यातल्या जमिनीच्या दोन आदेशांकडे द्या. आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, विजयी छावणीतून, गौतमीपुत्र गोवर्धनच्या विष्णुपालित नावाच्या अमात्याला आज्ञा करतो: पश्चिम कखडी गावातलं दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत, जे आजवर उसभदाताकडे होतं, ते तिरण्हुच्या भिक्षूंना द्या. उसभदात, तोच दहाव्या लेण्यातला उषवदात. लढाई कुणी जिंकली हे यापेक्षा नेमकं सांगता येत नाही. आणि चोविसाव्या वर्षी दुसरा आदेश, या वेळी राजाच्या जोडीला राजमातेच्याही नावाने: ते शेत कसलं जात नाही, गावही वसलेलं नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या आपल्या राजकीय शेतातली शंभर निवर्तनं द्या. लढाई जिंकल्यावर सहा वर्षांत एक गाव ओस पडलं आणि त्याची कबुली खुद्द राजाच्या आदेशात आली. प्रशस्तीपेक्षा अशा ओळींमुळे तो काळ जिवंत होतो.

तिरण्हु हे या डोंगराचं लेखांतलं नाव. त्रिरश्मी हे त्याचं संस्कृत रूप. पांडवांचा या लेण्यांशी काही संबंध नाही. बुद्धाच्या मूर्ती दाखवून कुणी धर्मराज, भीम असं सांगायला लागलं तर आदराने ऐकून घ्या, पण मुलांना खरं नाव सांगा.

परतताना सतरावं. उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा, धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने ते करवलं, आणि लेख त्याला स्पष्ट 'योनक' म्हणतो. ग्रीक वंशाचा माणूस नाशिकच्या डोंगरात विहार कोरतो, आणि तो अर्धवट राहतो. खांबांवरचे हत्ती आणि त्यांवरचे स्वार पाहा. विसाव्या लेण्यात श्रीयज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षाचा लेख आहे. बोपकी नावाच्या भिक्षूने सुरू केलेलं आणि मग बरीच वर्षं अपुरं राहिलेलं काम महासेनापतीची पत्नी वासू हिने पुरं केलं. दालन लांबट आहे, दोन्ही बाजूंना आठ-आठ कोठड्या, आणि टोकाला गाभाऱ्यात नंतरच्या काळात कोरलेला भव्य बुद्ध. फोटो काढायला सगळे इथेच थांबतात, त्यामुळे गर्दी असेल तर तेवीसकडे जा. तिथे बुद्ध आणि बोधिसत्त्वांच्या मूर्ती आहेत, आणि सहसा शांतताही असते. २०२१ साली याच डोंगरात साफसफाई करताना आणखी तीन लहान लेणी उजेडात आली, म्हणजे डोंगर अजून सगळा वाचून झालेला नाही.

अंधाऱ्या कोठड्यांत वटवाघळं असतात, वासही असतो. लहान मुलांना पुढे सोडू नका, आणि टॉर्च छताकडे मारू नका.

खाली उतरून मिसळ खाल्ली की पुढचा टप्पा. अंबड, सातपूर करत त्र्यंबक रोडला लागा. अंजनेरी फाटा नाशिकपासून साधारण वीस किलोमीटरवर आहे. इथे लोक येतात ते हनुमानाच्या जन्मस्थानासाठी आणि गडासाठी, आणि गाड्या थेट वर पायऱ्यांच्या सुरुवातीला जातात. पायथ्याच्या गावातली सोळा देवळं त्यात मागे राहतात. बारा जैन, चार हिंदू, सगळी संरक्षित, बरीचशी पडलेली. गावात विचारलं की कुणीही दाखवतं. 'जुनी देवळं' असं विचारा, नाहीतर सरळ गडाची वाट दाखवतील.

या देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणतात. इथे जरा थांबून विचार करायला हवा. इथल्या एका जैन देवळात शके १०६३ चा, म्हणजे इ. स. ११४१ च्या सुमाराचा संस्कृत लेख आहे. सेउणदेव यादवाच्या काळात व्यापारी कुळातल्या अधिकाऱ्याने काही दुकानांचं उत्पन्न देवळाला दिल्याची ती नोंद. हेमाद्री पंडित महादेव आणि रामदेवराव यादवांच्या पदरी होता, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. देवळं उभी राहिली तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. चुन्याशिवाय दगडात दगड बसवायची ही रीत त्याच्या आधीपासूनची, नाव मात्र त्याला मिळालं.

बिनचुन्याची भिंत कशी पडते हे शिकायला अंजनेरीसारखी जागा नाही. दगड एकमेकांच्या वजनावर आणि खाचांवर उभे असतात. पाया एका कोपऱ्यात दबला की वरचा थर सरकतो, फटीत पिंपळ-उंबराचं बी पडतं, मूळ जाड होतं आणि पाचर मारल्यासारखं दगड उचलतं. शिखर आधी जातं, मग मंडपाचं छत, खांब मात्र उभे राहतात, कारण त्यांचं वजन सरळ खाली जातं. पडलेल्या दगडांत तुळयांची टोकं, आमलकाचे (शिखरावरच्या आवळ्यासारख्या गोल दगडाचे) तुकडे, द्वारशाखांचे (दाराच्या नक्षीदार चौकटीचे) भाग ओळखता येतात. त्यांवर चढू नका. ते आधीच तोल सांभाळून आहेत, आणि सैल दगडांखाली विंचू-साप असतात. दगड उलटून पाहण्याचा मोह तर मुळीच नको.

या भागाला अर्धा-पाऊण तास पुरतो. इथे पांडवलेण्यांइतकं वाचायला नाही, पाहायला आहे. पाय शिल्लक असतील तर गडाच्या पायऱ्यांनी निम्म्यापर्यंत चढा. खिंडीत एक छोटं जैन लेणं आहे, त्यात पार्श्वनाथ कोरलेला आहे. तिथून मागे फिरलात तरी चालतं, पुढे पठारावर अंजनीमातेचं देऊळ आणि तळं आहे, पण त्याला वेगळा दिवस ठेवा. हा भाग संवर्धन राखीव आहे. २००६ साली नवी म्हणून नोंदवलेली एक कंदीलपुष्पाची जात या डोंगराच्या नावाने ओळखली जाते, म्हणून पावसाळ्यात पायवाट सोडून गवतात शिरू नका आणि फुलं-कंद उपटू नका.

परतीच्या वाटेवर, अंजनेरीलाच, नाणकशास्त्राच्या संशोधन संस्थेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. जाण्याआधी उघडण्याची वेळ विचारून घ्या. सकाळी दहाव्या आणि तिसऱ्या लेण्यात जे वाचलं त्याचा तिसरा पुरावा नाण्यांतच आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा. त्यांतल्या नऊ हजारांच्या वर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. नाणी वितळवली नाहीत, नुसती पुन्हा ठोकली. घाईत ठोकल्यामुळे कित्येक नाण्यांवर तीन कमानींच्या डोंगराच्या चिन्हाखालून नहपानाचं नाक आणि ग्रीक अक्षरं अजून डोकावतात. असं नाणं पाहायला मिळालं तर भिंगातून पाहा, आणि इथेही उजेड बाजूने येऊ द्या.